पंपाविना फिरणारी उष्णता

नायट्रोजन टेट्रॉक्साइड हे रसायन २१ अंश सेल्सिअसला उकळतं. उणे ११ च्या आसपास ते गोठतं. म्हणजे ते द्रवरूपात सांभाळायचं, तर साध्या हवेच्या दाबाखाली जेमतेम बत्तीस अंशांची पट्टी हाताशी असते आणि कोकणातला उन्हाळा त्या पट्टीच्या कितीतरी वर असतो. टाकी दाबाखाली ठेवावी लागते, गार ठेवावी लागते आणि कुठे गळती झालीच, तर लालसर तपकिरी विषारी वाफ बाहेर येते. पीएसएलव्ही रॉकेटच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ‘विकास’ इंजिनात इंधन जाळण्यासाठी हेच रसायन लागतं. इस्रोला ते रायगड जिल्ह्यातल्या खालापूर तालुक्यातून, रसायनीहून मिळत आलं. एप्रिल-मे महिन्यांत जिथे पारा सहज पस्तिशी ओलांडतो, तिथे एकवीस अंशांना उकळणारा द्रव वर्षानुवर्षं शांत ठेवला गेला, ही रसायनीच्या इतिहासातली मोठी कामगिरी आहे. तिची चर्चा मात्र फारशी होत नाही.

या गावाची ओळखच अशा कामातून घडली. १२ डिसेंबर १९६० रोजी हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स लिमिटेड या सरकारी कंपनीची स्थापना झाली. रंग, औषधं आणि रबर यांच्या उद्योगांना लागणारी मूळ सेंद्रिय रसायनं तोवर मोठ्या प्रमाणावर बाहेरून येत. ती देशात बनवायची, असा हेतू होता. मोहोपाडा-वासांबे परिसरातल्या शेताशिवारात कारखाना उभा राहिला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उत्पादन सुरू झालं. कारखान्यापाठोपाठ वसाहत, शाळा, बाजार आले. पनवेल-रोहा मार्गावरच्या स्टेशनलाही रसायनी हेच नाव मिळालं. आसपासची माणसं मात्र अजून ‘एचओसी’ एवढंच म्हणतात, आणि त्या तीन अक्षरांत कारखाना, कॉलनी आणि एक अख्खी पिढी मावते.

रासायनिक कारखान्याला कच्च्या मालाइतकीच गरज असते ती उष्णता वाहून नेणाऱ्या पाण्याची. ते इथे पाताळगंगेनं दिलं, आणि पाताळगंगेला ते दिलं टाटांच्या जलविद्युत योजनेनं. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तलावांत साठवलेलं पावसाचं पाणी पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून नळांतून खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि पाताळगंगेत सोडलं जातं. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून केलेल्या या खटाटोपामुळे एरवी पावसाळ्यानंतर आटणाऱ्या नदीला बारमाही प्रवाह मिळाला. पुढे सात वर्षांनी शेजारच्या कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर आलं आणि उल्हास नदीच्या बाबतीत तेच घडलं. रसायनी-पाताळगंगा पट्ट्यातल्या कारखान्यांचा इतिहास लिहायला बसलं, की पहिलं पान घाटमाथ्यावरच्या तलावांपासून सुरू करावं लागतं.

पाणी किती लागतं, ते इथे बनणाऱ्या नायट्रोबेंझिनवरून कळतं. बेंझिनमध्ये नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं मिश्रण सोडलं, की नायट्रोबेंझिन तयार होतं आणि सोबत भरपूर उष्णता बाहेर पडते. रिॲक्टर साधारण पन्नास ते साठ अंशांच्या दरम्यान राखायचा असतो. त्याखाली गेला, तर रासायनिक क्रिया रेंगाळते आणि न वापरलेलं आम्ल साचत जातं. वर गेला, तर नको ती डायनायट्रो संयुगं तयार होऊ लागतात, आणि ती स्फोटक असतात. सगळ्यांत वाईट वेळ म्हणजे ढवळणी बंद पडणं. आम्ल आणि बेंझिनचे थर वेगळे होतात, तापमान उलट खाली येताना दिसतं, आणि नवख्या ऑपरेटरला वाटतं, सगळं निवांत आहे. ढवळणी पुन्हा सुरू झाली, की साचलेलं सगळं एकदम पेटून उठतं. म्हणून जुने लोक नव्या पोरांना पहिला धडा देत तो असा, की काट्यावरचा आकडा एकटा वाचू नये. तो कुठून आला आणि किती वेगानं सरकतोय, हे वाचावं. या नायट्रोबेंझिनचा हायड्रोजनशी संयोग करून ॲनिलिन करायचं, तर पहिल्या क्रियेच्या जवळजवळ चौपट उष्णता सुटते.

या सगळ्यावर नजर ठेवणारा एक वेगळाच वर्ग कारखान्यात तयार झाला, इन्स्ट्रुमेंटवाल्यांचा. थर्मोवेलमध्ये बसवलेला सेन्सर, तिथून कंट्रोल रूमपर्यंत हवेच्या दाबानं जाणारा संदेश, तिथला कंट्रोलर आणि शेवटी पाण्याचा किंवा वाफेचा व्हॉल्व्ह, ही त्यांची साखळी. अमेरिकेत झिगलर आणि निकोल्स या दोघांनी १९४२ मध्ये कंट्रोलर कसा जुळवायचा याची सोपी रीत लिहून ठेवली होती. जगभरच्या कारखान्यांत ती वापरली गेली. जुळवणी चुकली, की तापमान ठरलेल्या आकड्याभोवती वरखाली झुलत राहतं. कारखान्यात त्याला ‘हंटिंग’ म्हणतात. व्हॉल्व्ह उघडतो, उशीर झालेला असतो, म्हणून जास्त उघडतो, मग जास्त गार होतं, मग बंद होतो. शिफ्टभर हा झोका चालला, तर लॉगबुकातल्या रीडिंगवरूनच ओळखू येतो.

पण कारखान्यात एक यंत्र असंही असतं, की ज्यात द्रव फिरवायला पंपच नसतो. ऊर्ध्वपातनाच्या उंच कॉलमच्या तळाशी थर्मोसायफन रीबॉयलर जोडलेला असतो. कॉलमच्या तळातला द्रव एका नळानं खाली उतरतो, वाफेनं तापलेल्या नळ्यांच्या जुडग्यात शिरतो, तिथे उकळून हलका होतो आणि आपसूक वर चढून पुन्हा कॉलममध्ये जातो. गरम वर जातं, गार खाली येतं, एवढ्या एका नियमावर टनावारी द्रव रात्रंदिवस फिरत राहतो. डोनाल्ड कर्न यांचं १९५० सालचं ‘प्रोसेस हीट ट्रान्सफर’ हे पुस्तक भारतातल्या केमिकल इंजिनिअरांच्या पिढ्यांनी झिजेपर्यंत वापरलं; त्यात या रीबॉयलरचं सविस्तर गणित आहे. पंप नाही, म्हणजे पंपाचा सील गळत नाही, मोटर जळत नाही, विजेचा खर्च नाही. किंमत चुकवावी लागते ती स्थिरतेत. असा रीबॉयलर कधीकधी उचक्या देऊ लागतो. प्रवाह एकदम उसळतो, मग थंडावतो, पुन्हा उसळतो, आणि कॉलमभर तापमानाची घडी विस्कटते. अनुभवी मंडळींचा यावरचा उपाय ऐकणाऱ्याला उलटा वाटतो. आत येणाऱ्या नळावरचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा. वाट किंचित अरुंद केली, की प्रवाह शांत होतो.

तापलेला द्रव आपोआप का फिरतो, याचा शोध प्रयोगशाळांत वेगळ्याच वाटेनं चालला होता. पॅरिसमध्ये आँरी बेनार यांनी १९०० च्या सुमारास खालून तापवलेल्या द्रवाच्या पातळ थरात षटकोनी घरं उमटताना पाहिली. लॉर्ड रॅले यांनी १९१६ मध्ये त्याचं गणित मांडलं. खालचा-वरचा तापमानफरक, थराची उंची, द्रवाचा चिकटपणा आणि त्याची उष्णता पसरवण्याची क्षमता यांतून एक आकडा निघतो. वर-खाली घट्ट पृष्ठभाग असलेल्या थरासाठी तो साधारण १७०८ च्या पुढे गेला, की स्थिर द्रव आपोआप फिरू लागतो. यात उंचीचा घन येतो. थर दुप्पट उंच केला, तर आकडा आठपट होतो. शाळेच्या पुस्तकातलं ‘अभिसरण’ ते हेच. भाताच्या आधणात तांदळाचे दाणे मधून वर येऊन कडेनं खाली उतरतात, तेव्हा ते डोळ्यांना दिसतं.

रसायनीपासून फार दूर नाही अशा ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, असा पंपाविना फिरणारा प्रवाह स्थिर ठेवण्याचा प्रश्न फार मोठ्या जबाबदारीनं हाताळला गेला. पंपांविना, केवळ नैसर्गिक अभिसरणानं गाभा थंड राहील अशा प्रगत जड पाणी अणुभट्टीचा आराखडा तिथे आखला जात होता. पंपच नसेल, तर वीज गेली म्हणून थंडावा थांबण्याची भीती उरत नाही. पण रीबॉयलरसारखी उचकी अणुभट्टीच्या गाभ्याला परवडणारी नव्हती. पी. के. विजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी नळ्यांच्या आयताकृती वेटोळ्यांवर प्रयोग केले. एका बाजूला हीटर, दुसऱ्या बाजूला कूलर, मध्ये पाणी. हीटर आणि कूलर दोन्ही आडवे ठेवले, तर ठरावीक शक्तीला प्रवाह झुलू लागे. इतका, की मध्येच थांबून उलट दिशेनं वाहायचा. तेच दोन्ही उभे ठेवले, तर प्रवाहाला एक दिशा मिळे आणि तो शांतपणे वाहत राही.

पिएर वेलांडर यांनी १९६७ मध्ये या झुलण्याचं कारण दाखवून दिलं होतं. समजा, पाण्याचा एखादा गोळा इतरांपेक्षा किंचित गरम आहे. तो चढत्या नळीत आला, की प्रवाहाला ओढ देतो, वेग वाढतो, म्हणून कूलरमधून तो घाईनं निघून जातो आणि नीट गार होत नाही. मग तोच गोळा उतरत्या नळीत प्रवाहाला अडवतो, वेग मंदावतो, आणि हीटरमध्ये तो रेंगाळून आणखी तापतो. प्रत्येक फेरीत चूक वाढत जाते. हीटरचं तापमान कितीही काटेकोर ठेवलं, तरी ही चूक थांबत नाही, कारण ती हीटरमध्ये नसून वाटेच्या लांबीत आणि वेळेच्या हिशेबात आहे. उपाय पुन्हा तोच निघाला: वाटेत अडथळा घाला, नळी तिच्या व्यासाच्या मानानं लांब करा, घर्षण वाढवा. रसायनीसारख्या पट्ट्यात व्हॉल्व्ह आवळणारा फोरमन जे हातानं करत होता, त्याचं गणित इथे मिळालं. माटुंग्यात १९३३ साली सुरू झालेल्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत, म्हणजे आजच्या आयसीटीत, प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनीही प्रवाहांच्या संगणकीय अभ्यासात नैसर्गिक अभिसरणावर काम केलं. मुंबई-रायगड या पट्ट्यात ही विद्या कारखाना, विद्यापीठ आणि अणुसंशोधन अशा तिन्ही घरांत एकाच काळात वाढली.

आता तेच वेटोळं सुईएवढं करायचं, रोगाची चाचणी करणाऱ्या यंत्रासाठी. चाचणीसाठी डीएनएच्या प्रती वाढवण्याची कल्पना हरगोविंद खोराना आणि क्येल क्लेप्पे यांनी १९७१ मध्ये मांडली होती. १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांनी तिला पीसीआरचं रूप दिलं आणि त्यासाठी १९९३ चं नोबेल मिळवलं. रीत सोपी आहे. ९५ अंशांच्या आसपास डीएनएचे दोन पदर सुटतात, ५५ ते ६० अंशांना प्रायमर नावाचे डीएनएचे छोटे तुकडे त्यांना चिकटतात, ७२ च्या सुमारास विकर नवा पदर विणतो. दर फेरीत दुप्पट. सुरुवातीला संशोधक नळ्या हातात घेऊन एका गरम पाण्याच्या भांड्यातून दुसऱ्यात हलवत बसत, आणि पहिलं विकर उष्णतेनं मरे म्हणून दर फेरीला नवं घालत. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतल्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचं टॅक विकर आलं आणि ती कटकट संपली. मग नळी एकाच ठोकळ्यात ठेवून तो ठोकळाच तापवणारं आणि गार करणारं यंत्र बाजारात आलं. पण सगळा ठोकळा वारंवार तापवायचा, गार करायचा, यात वेळ जातो आणि वीज खूप लागते.

२००२ मध्ये माधवी कृष्णन, व्हिक्टर उगाझ आणि मार्क बर्न्स यांनी ‘सायन्स’मध्ये वेगळा मार्ग दाखवला. तळ गरम, वरचा भाग त्याहून थंड अशी बारीक पोकळी घ्या आणि द्रवालाच फिरू द्या. डीएनए आपोआप गरम भागातून थंड भागात जाईल आणि परत येईल. ठोकळ्याचं तापमान बदलायला नको, पंखा नको. डिटर ब्राउन आणि सहकाऱ्यांनी पुढच्याच वर्षी असाच प्रयोग केला. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हाइम बाउ यांच्या गटानं चक्क बंद वेटोळ्याचा थर्मोसायफन पीसीआर केला. कारखान्यातल्या रीबॉयलरचा तो सूक्ष्म धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही. २००७ मध्ये टेक्सासमध्ये उगाझ यांच्या गटातल्या नितीन अग्रवाल यांनी बॅटरीवर चालणारं, खिशात मावणारं यंत्र करून दाखवलं.

आणि इथेच रसायनीची जुनी अडचण पुन्हा समोर आली: तापमान स्थिर कसं ठेवायचं?

चुकीची किंमत किती, हे आकड्यांत बघावं. दर फेरीत डीएनए पुरतं दुप्पट झालं, तर ३० फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींहून अधिक होतात. दर फेरीला ऐंशी टक्केच जमलं, तर साडेचार कोटींच्या आसपास येऊन थांबतं. टॅक विकराचंही तसंच. ९५ अंशांना त्याची निम्मी ताकद जायला सुमारे चाळीस मिनिटं लागतात, ९७.५ अंशांना नऊ-दहा मिनिटांतच निम्मी जाते. अडीच अंशांचा फरक, आयुष्य एक चतुर्थांश. नळीच्या वरच्या, थंड टोकाला तीन-चार अंश जास्त झाले, तर प्रायमर चिकटत नाहीत; कमी झाले, तर नको तिथे चिकटतात आणि नसलेला रोग दिसू शकतो.

फक्त तळाला हीटर असलेल्या यंत्रात वरचं टोक किती गार राहणार, हे भोवतालची हवा ठरवते. कर्जतच्या जानेवारीतल्या पहाटे आणि मे महिन्यातल्या दुपारी तीच नळी दोन वेगळी यंत्रं होऊन बसते. पंख्याची झुळूक पुरेशी असते. टेबल सपाट नसेल आणि नळी कलली, तर प्रवाहाची वाट आणि वेग दोन्ही बदलतात. ट्रॉम्बेच्या वेटोळ्यात हीटर आडवा की उभा, याला एवढं महत्त्व का होतं, ते इथे लगेच पटतं. उंचीचाही मुद्दा आहे आणि तो फार कमी लोकांच्या लक्षात येतो. खोपोलीहून घाट चढून लोणावळ्याला, सव्वासहाशे मीटरच्या आसपास गेलं, की पाणी १०० ऐवजी साधारण ९८ अंशांना उकळतं. तळ ९७ वर जुळवलेलं यंत्र तिथे बुडबुड्यांच्या अगदी काठावर येतं; द्रवात विरघळलेली हवा तर त्याआधीच सुटू लागते. एक बुडबुडा नळीच्या मध्ये अडकला, की अभिसरण तुटतं आणि चाचणी वाया जाते.

संशोधकांनी शोधलेले उपाय बघितले, की जुन्या कारखान्यांचीच आठवण होते. तैवानच्या जीनरीच कंपनीनं नळीभोवती उष्णतारोधक आवरण घालून आणि एकाच तळहीटरवर विसंबून हातात नेता येईल असं यंत्र बाजारात आणलं. कोळंबीच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी त्यावर चाचणी विकसित झाली. नव्वदच्या दशकापासून भारतीय किनाऱ्यावरच्या कोळंबी तलावांना या रोगानं छळलं आहे, त्यामुळे कोकणातल्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटणार नाही. वरच्या टोकालाही स्वतंत्र हीटर आणि सेन्सर दिला, की भोवतालच्या हवेचा हस्तक्षेप पुष्कळ घटतो. हीटर नुसता चालू-बंद न करता झिगलर-निकोल्सच्या वाटेनं जुळवलेला कंट्रोलर दिला, की हंटिंग थांबतं. इथे कारखान्यापेक्षा एक गोष्ट कठीण आहे: द्रव काही थेंबच असल्यानं सेन्सर आत बुडवता येत नाही, तो धातूच्या ठोकळ्यात बसतो आणि ठोकळ्याचं तापमान म्हणजे द्रवाचं तापमान नव्हे. नायट्रोबेंझिनच्या रिॲक्टरवरचा काटा जसा फसवू शकतो, तसाच हाही.

सगळ्यांत महत्त्वाचा उपाय मात्र आकाराचा आहे. नळी रुंद असेल, तर प्रवाह वेडावाकडा होतो; काही द्रव मधल्या भागात गोल फिरत राहतो आणि गरम-थंड टोकांना पोचतच नाही. नळी फार अरुंद केली, तर भिंतींचं घर्षण प्रवाहच मारून टाकतं. उंची आणि व्यास यांचं गुणोत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी धरावं लागतं. उगाझ यांच्या गटानं २०११ मध्ये दाखवलं, की काही आकारांत प्रवाह थोडा गोंधळी ठेवणं उलट फायद्याचं असतं, कारण त्यामुळे द्रवाचा प्रत्येक भाग सगळ्या तापमानांतून फिरतो. रीबॉयलरचा व्हॉल्व्ह आवळणाऱ्या माणसाला हे वाचायला मिळालं असतं, तर त्याला पहिला अर्धा भाग ओळखीचा आणि दुसरा अर्धा नवा वाटला असता.

भारतात प्रत्यक्ष आरोग्यकेंद्रांपर्यंत पोचलं ते मात्र वेगळं यंत्र. गोव्यातल्या वेर्णा इथल्या मोलबायो डायग्नोस्टिक्सचं ट्रूनॅट, ज्याचं तंत्र बंगळुरूच्या बिगटेक लॅब्जमध्ये घडलं. त्यात अभिसरणाला स्थान नाही. छोट्या चिपवर थेंबभर नमुना आणि चिपलाच जोडलेला हीटर. वस्तुमान इतकं कमी, की तापणं-गार होणं चटकन होतं, आणि तापमानाची मोजणी नमुन्याला अगदी खेटून होते. बॅटरीवर चालणारं हे यंत्र आधी क्षयरोगासाठी होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी महाराष्ट्रात मार्च महिन्यात कोविडचे पहिले रुग्ण सापडले, तेव्हा नमुने पुण्याच्या एनआयव्हीत आणि मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात जात. पुण्याच्या मायलॅबच्या किटला त्याच महिन्यात परवानगी मिळाली आणि एप्रिलमध्ये ट्रूनॅटही कोविडच्या तपासणीत उतरलं. ट्रूनॅटचा मार्ग सुरक्षित आहे. पण तिथे प्रत्येक चाचणीला हीटरसकट चिप खर्च होते. अभिसरणाच्या नळीत खर्च होते ती फक्त प्लॅस्टिकची नळी. आदिवासी पाड्यावरच्या उपकेंद्राच्या हिशेबात हा फरक मोठा आहे, आणि म्हणूनच या नळीवरचं काम सोडून देण्यासारखं नाही.

एचओसीच्या रसायनीतल्या तोट्यातल्या प्लांट्सना केंद्रीय मंत्रिमंडळानं मे २०१७ मध्ये टाळं लावायचा निर्णय घेतला. जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमकडे द्यायचा आणि नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्लांट तेवढा चालू ठेवून इस्रोकडे सोपवायचा, असं ठरलं. रिॲक्टरचा काटा वाचणारे, व्हॉल्व्ह किती आवळायचा ते हाताला कळणारे कितीतरी लोक त्याआधी आणि नंतर निवृत्त झाले. त्यांची ही जाण कुणी नीट लिहून घेतली, तर ती इतिहासाच्या अभ्यासकाला उपयोगी पडेलच, पण उष्णतेच्या छोट्या यंत्रांवर काम करणाऱ्या तरुण इंजिनिअरलाही पडेल. अभिसरणाच्या नळीची खरी परीक्षा घ्यायची, तर वातानुकूलित प्रयोगशाळा सोडून या भागात यावं. तेच यंत्र, तोच नमुना, मे महिन्यातल्या दुपारी मोहोपाड्याच्या दवाखान्यात, जानेवारीतल्या पहाटे कर्जतच्या एखाद्या उपकेंद्रात आणि घाटावर लोणावळ्यात चालवून बघावा. टेबलाखाली मुद्दाम एका बाजूला पाचर घालून आणि जवळ पंखा सुरू ठेवून. सगळीकडे एकच उत्तर, आणि तेही तेवढ्याच वेळात आलं, तरच ते यंत्र पाड्यावर न्यावं.